दुसऱ्या हाताची सही

फॉर्म अवघा दोन पानांचा होता आणि तो भरायला पाच माणसं बसली होती. या घराला हे नवीन नाही. इथे दिवा बदलायचा म्हटलं तरी एक जण स्टुलावर चढतो, एक स्टूल धरतो आणि उरलेले खाली उभे राहून त्या दोघांच्या चुका काढतात. त्यात हा फॉर्म दादाचा होता. उद्या सकाळी आठ वाजता त्याला हॉस्पिटलात पोचायचं होतं, आणि तिथे दिवसभर त्याला जे देणार होते त्यावर गेले दोन महिने घरात नुसती कुजबुज चालली होती.

वरच्या मजल्यावरच्या टेबलाशी चारच खुर्च्या मावतात, म्हणून सगळे खाली कारखान्यात बसले होते. कारखाना म्हणजे वजनकाटे दुरुस्त करायची लांबट खोली. रविवार असल्यामुळे दार बंद होतं. कामाचं टेबल पुसून घेतलं होतं, तरी त्याला तेलाचा आणि पितळेचा वास येत होताच.

"मी पुन्हा एकदा विचारतो," वकील म्हणाला. हा दादाचा धाकटा भाऊ. शिकवतो शाळेत गणित, पण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हरकत घेतो म्हणून लहानपणापासून त्याला सगळे वकीलच म्हणतात. "उद्या हे लोक दादाला मश्रूम खायला घालणार. बरोबर?"

"मश्रूम नाही रे बाबा," छकुली म्हणाली. "त्यातलं एक द्रव्य. प्रयोगशाळेत तयार केलेलं, कॅप्सूलमध्ये भरलेलं. किती वेळा सांगू?" छकुली अडतीस वर्षांची, एका मोठ्या औषधांच्या दुकानाची प्रमुख, हाताखाली सहा माणसं. पण तिघा भावंडांत शेंडेफळ, त्यामुळे घरात छकुलीच राहिली.

"तेच ते. आमच्या वर्गातल्या एकाने कॉलेजात असताना खाल्लं होतं. तासभर कपाटाशी गप्पा मारत बसला होता."

"मग कपाट काय म्हणालं?" दादाने विचारलं.

सगळे खो खो हसले, आणि मग एकाच वेळी गप्प झाले. दादाने विनोद केला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा.

वहिनीने मान खाली घातली आणि फॉर्म उगाचच सरळ केला. नवऱ्याला नैराश्याने धरलं त्याला आता चार वर्षं होत आली. तीन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या, चौथी अडीच वर्षं चालली. तिच्यामुळे माणूस जगला, पण उठला नाही. मग छकुलीने ही बातमी आणली: ज्यांना नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत त्यांच्यावर हॉस्पिटलात नव्या औषधाची चाचणी चालू आहे. एका खोलीत कोचावर आडवं व्हायचं, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत, आणि सहा-सात तास दोन माणसं शेजारी बसून. त्याआधी तीन वेळा नुसतं बोलणं, नंतर पुन्हा बोलणं. अट एकच होती. जुनी गोळी चार आठवड्यांत हळूहळू कमी करत बंद करायची आणि पुढे दोन आठवडे काहीच घ्यायचं नाही.

आणि गोळी कमी व्हायला लागल्यापासून माणूस सुधारत गेला! दाढी करायला लागला. सकाळी सहाला खाली येऊन अप्पांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, कॉफी प्यायला लागला. तीन-चार दिवसांपूर्वी बेकरीवाल्याचा काटा त्याने स्वतः उघडून दुरुस्त केला. वहिनीने हे कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. उगाच दृष्ट लागायची. पण तिचं मत ठाम झालं होतं: ती गोळीच मेली याला खाली दाबत होती.

"चला, वाचते," ती म्हणाली. "झोप किती तास? सात. जेवण? नीट. दारू? नाही."

"एवढं ठामपणे कोण सांगतं?" वकील.

"मी सांगते. पुढे. 'गेल्या दोन आठवड्यांत नैराश्यावरची कोणतीही गोळी रुग्णाने घेतलेली नाही.' इथे यांची सही, आणि खाली घरातल्या दोन माणसांच्या सह्या."

दोन सह्या मागितल्या म्हणूनच अप्पांना ते हॉस्पिटल पहिल्यापासून पसंत होतं. अप्पांच्या वडिलांनी हा कारखाना काढला तेव्हाच नियम घातला होता: एकाने दुरुस्त केलेला काटा दुसऱ्या हाताने तपासल्याशिवाय दाराबाहेर जायचा नाही. तपासणाऱ्याने चिठ्ठीवर सही करायची, आणि मग चूक निघाली तर ती दोघांची. पुढे हा दुसरा हात जिना चढून घरातही शिरला. सूपमधलं मीठ दोघं चाखतात. गॅसची तोटी दोघं बघतात. दादाच्या गोळीचंही तेच होतं. वहिनी डबीत भरायची आणि अप्पा रोज डबी उघडून बघायचे. गेली अडीच वर्षं एक दिवस खाडा नाही.

दादाने सही केली. वहिनीने केली. मग तिने फॉर्म टेबलावरून अप्पांकडे सरकवला. "अप्पा, दुसरा हात."

अप्पांनी चष्मा लावला, पेन घेतलं, ते वाक्य एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. वय चौऱ्याहत्तर, पण हात अजून कापत नाही. आज पेनाचं टोक कागदावर टेकेना. साठ वर्षांत त्यांनी केसाएवढ्याही खोट्या काट्यावर सही केली नव्हती. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं असलं तरी केली नव्हती. सही करून टाकावी, उद्याचा दिवस निघून जाईल, असं त्यांना वाटलं. असं वाटल्याबद्दल त्यांना स्वतःची शरम वाटली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी सही करणार नाही."

"बघा!" वकील खुर्चीतून अर्धा उठला. "मी एकटा नाही विरोधात. अप्पासुद्धा..."

"मी विरोधात नाही," अप्पा म्हणाले. "हे लिहिलंय ते खोटं आहे, म्हणून."

"खोटं?" वहिनीचा आवाज चढला. "अप्पा, डबी मी भरते. दोन आठवडे रिकामी आहे. तुम्ही रोज उघडून बघताय!"

"बघतोय. रिकामी असते. म्हणूनच." अप्पांनी घसा साफ केला. "जुन्या पट्ट्या होत्या ना खणात, शिल्लक राहिलेल्या. तू अर्धी द्यायला लागलीस तेव्हा उरलेली अर्धी मी देत होतो. तू पाव दिलीस, मी पाऊण दिली. आता तू देत नाहीस, तर मी सबंध देतो. सकाळच्या कॉफीत, पूड करून." त्यांनी कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीकडे बोट केलं. तिच्यात औषधवाल्यांचा नाजूक काटा असतो, श्वासानेही हलणारा. "वजन करून द्यायचो. कमी नाही, जास्त नाही. बेरीज रोज तीच."

दादा आपल्या हातांकडे बघत राहिला.

छकुलीने कपाळावर हात मारून घेतला. तिला आधीच कळायला हवं होतं! गोळी उतरवताना माणसाला गरगरतं, डोक्यात झिणझिण्या येतात, चिडचिड होते. दादाला यातलं काही म्हणता काही झालं नव्हतं. दर आठवड्याला ती विचारायची, तो नाही म्हणायचा, आणि ती नशीब म्हणून सोडून द्यायची. दिवसभर लोकांना औषधं समजावते आणि घरातल्याच्या बाबतीत नशिबावर हवाला ठेवला. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"म्हणून कॉफी कडू लागायची," दादा हळूच म्हणाला. "मी रोज मध घालत होतो."

"तुम्हाला काही वाटलं नाही, अप्पा?" वहिनी उभी राहिली. "सहा आठवडे मी डोळ्यांत तेल घालून यांच्याकडे बघतेय. आज हसले, आज पोळी जास्त खाल्ली, आज स्वतःहून फोन उचलला. आणि तुम्ही माझ्या पाठीमागे पूड करत बसलात! मला एका शब्दाने सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं!"

"मग?"

"मग काय मग! भांडलो असतो! घरात भांडतात माणसं!"

"मला भीती वाटली," अप्पा म्हणाले. या घरात हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. "मागे त्याने गोळी बंद केली तेव्हा अकराव्या दिवशी मंगळवार होता. मी विसरलेलो नाही तो मंगळवार. आणि आता मला सांगता, ती बंद करा आणि एक कॅप्सूल द्या. त्यात औषध किती? पंचवीस मिलिग्रॅम. मला माहितेय ना पंचवीस मिलिग्रॅम म्हणजे काय. चिमट्याने उचलावं लागतं, शिंक आली तर सापडत नाही. एवढ्याशा वजनावर मुलगा सोपवायचा माझा?"

त्या मंगळवाराचं नाव या घरात कोणी घेत नाही. दादाने त्या वेळी बरं वाटतंय म्हणून कोणाला न विचारता गोळ्या एकदम सोडल्या होत्या, आणि अकराव्या दिवशी अप्पांनी त्याला नदीच्या पुलावरून परत आणलं होतं. त्यानंतर सगळ्यांनी मिळून न ठरवताच ठरवलं, की त्यावर बोलायचं नाही.

वकिलाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "ठीक आहे. झालं ते झालं. आता मी काय म्हणतो ते ऐका. अप्पा, सही करून टाका."

"काय?" छकुली किंचाळलीच.

"आजची कॉफी पोटात गेली, उद्याची देऊ नका. कोणाला कळणार आहे?"

"तूच ना रे मघापासून मश्रूम मश्रूम करत होतास?"

"हो, करत होतो! पण मघाशी त्याने विनोद केला, तो तू ऐकलास ना? मला तो भाऊ परत हवाय. उद्याच्या खोलीमुळे येणार असेल तर उद्याच येऊ दे. पुन्हा दोन महिने थांबायची ताकद कोणात आहे? वहिनी, तुझ्यात आहे?"

वहिनीला वकिलाचं बोलणं मनापासून पटलं होतं, आणि हा माणूस बरोबर बोलतोय असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटल्यामुळे ती घाबरली होती. तिला उद्या हवा होता. तिने उद्यासाठी दादाचा मऊ शर्ट धुऊन ठेवला होता.

"छकुली," ती म्हणाली, "खरंच एवढं बिघडतं का?"

"वहिनी, तूसुद्धा?" छकुलीने खुर्ची तिच्याजवळ ओढली. "बघ. जुनी गोळी अंगात असली की नव्या औषधाचा असर बोथट होतो. म्हणजे उद्या दादा सहा तास पडून राहील, काहीच होणार नाही, आणि त्याला वाटेल की आपल्याला हेही लागू पडलं नाही. चार औषधं झाली, हे पाचवं. मग पुढे काय सांगशील त्याला? आणि दोन्ही मिळून अंगात काय गोंधळ घालतील ते मी सांगू शकत नाही. कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेच तर ते लोक तपासताहेत."

"म्हणूनच मी सही करत नाही," अप्पा म्हणाले.

"तुम्ही तर काही बोलूच नका," छकुली त्यांच्यावर खेकसली, आणि तरी त्यांच्याच बाजूला जाऊन बसली.

इतका वेळ दादाकडे कोणी बघितलंच नव्हतं. भांडण त्याच्यावरून होतं आणि त्याच्या डोक्यावरून चाललं होतं. तो उठून खिडकीपाशी गेला.

"मी मोजत होतो," तो म्हणाला. "रोज सकाळी उठलो की मोजायचो. आज गोळीशिवायचा पाचवा दिवस. आज नववा. बेकरीवाल्याचा काटा केला तो अकरावा. अकरावा दिवस, अप्पा. मी मुद्दाम त्या दिवशी काम घेतलं. म्हटलं, बघ, अकरावा दिवस आहे आणि तू काट्याचं पातं बसवतोयस." तो अप्पांकडे वळला. "आणि मी गोळीवरच होतो."

पूड करताना अप्पांनी दादाला किती द्यायचं याचा विचार केला होता. त्याच्याकडून काय हिरावलं जातंय हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"दादा, ऐक..." वकिलाने सुरुवात केली.

"नको रे. थांब जरा." दादाने खिशातून फोन काढला. वहिनी दचकून पुढे झाली, पण त्याने नंबर लावलासुद्धा. चाचणीच्या डॉक्टरीणबाईंनी अडचण आली तर रविवारीही फोन करा म्हणून सांगितलं होतं. त्याने आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि फोन टेबलावर ठेवला. मग झालेलं सगळं स्वतःच सांगितलं. अप्पांवर चिडून नाही आणि त्यांना वाचवूनही नाही, काट्यात काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फोन केलात हे फार चांगलं केलंत. आता उद्या आपल्याला करता येणार नाही. ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"पुढची तुकडी नऊ आठवड्यांनी आहे. गोळी पुन्हा उतरवावी लागेल, या वेळी खरोखरची. सगळ्या तपासण्याही पुन्हा. मी तुमचं नाव मांडीन. जागा मिळेलच असं वचन देत नाही, पण मांडीन."

"डॉक्टर, एक विचारू?" दादा म्हणाला. "म्हणजे हे सहा आठवडे मी बरा होतो ते गोळीमुळेच?"

"किती वर्षं घेताय ती गोळी?"

"अडीच."

"त्या अडीच वर्षांत कधी सकाळी सहाला उठून कामाला बसला होतात?"

दादाने विचार केला. "नाही."

"तेवढीच गोळी होती?"

"तेवढीच," अप्पा मध्येच बोलले. "वजनाची खात्री मी देतो."

"मग सगळं श्रेय तिला कशाला देता? तुम्ही आमच्याकडे येऊन तीन वेळा बोललात. पुढे काहीतरी आहे असं तुम्हाला वाटायला लागलं. त्याचा किती वाटा, मला नेमकं सांगता येणार नाही. पण तुम्ही उठत होतात हे खोटं नाही. ते कॉफीत कोणी घातलेलं नव्हतं."

वकिलाने नाक पुसलं आणि सर्दी झाल्याचं सोंग केलं. दादा टेबलाशी परत येऊन बसला. त्याचे खांदे थोडे वर आले होते. छकुलीने ते बघितलं, आणि तिला खात्री वाटली की हा नऊ आठवडे काढेल.

"आता एक शेवटचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी उतरताना वाईट दिवस येतील. जिवाचं काही बरंवाईट करावं असाही विचार येऊ शकतो. तो आला तर त्याच घटकेला एका माणसाला सांगायचं. कुठल्याही वेळी, काहीही न लपवता. आमचा नंबर आहेच, पण घरातलं एक नाव मला लिहायचंय. मागच्या वेळी तुम्ही पत्नीचं दिलं होतं. तेच ठेवू?"

वहिनीने मान डोलावलीसुद्धा. तीन वर्षं प्रत्येक कागदावर तिचंच नाव होतं.

"नाही," दादा म्हणाला. "माझ्या वडिलांचं लिहा."

वहिनीला तोंडात मारल्यासारखं झालं. दुसऱ्याच क्षणी तिला इतकं हलकं वाटलं की तिने खुर्चीची पाठ धरली. तीन वर्षं फोन वाजला की तिचा जीव गोळा व्हायचा. आपण किती दमलोय हे तिला त्या मिनिटापर्यंत माहीतच नव्हतं.

"डॉक्टर, थांबा, लिहू नका," अप्पा घाईने म्हणाले. "तो रागात बोलतोय. मी फसवलंय त्याला. आत्ता ऐकलंत ना तुम्ही? माझं नाव कसं..."

"मी रागात नाही," दादा म्हणाला. "म्हणजे आहे. खूप राग आलाय. पण नाव तुमचंच. हिला सांगितलं की ही माझ्यासाठी रडते, मग मीच हिला समजावत बसतो. छकुली औषध बदलायला सांगते. वकील वाद घालतो. त्या मंगळवारी पुलावर तुम्ही आलात. माझ्या कोटाची बाही धरलीत आणि घरापर्यंत सोडली नाहीत. मला ती बाही आठवते. पण अप्पा, त्यानंतर तुम्ही मला एक शब्द विचारला नाहीत. सहा आठवडे रोज पहाटे उठून पूड केलीत, वजन केलंत, चमच्याने ढवळलीत. एकदा समोर बसून विचारलं असतंत, की बाबा, कसं वाटतंय, तर मी सांगितलं असतं ना तुम्हाला."

अप्पांनी पेनाला टोपण लावलं.

"लिहू का?" फोनमधून विचारलं.

अप्पांनी सगळ्यांकडे बघितलं. वहिनीने डोळे पुसत मान डोलावली. वकील, कधी नव्हे तो, गप्प होता.

"लिहा," अप्पा म्हणाले.

फोन बंद झाला. वहिनीने फॉर्म उचलला, घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "सूप गरम करते. छकुली, ये जरा." जाताना तिने वकिलाला दंडाला धरून उठवलं, कारण तो स्वतः उठला नसता. तिघं जिना चढून वर गेले. वरून भांड्यांचा आवाज यायला लागला.

खाली दोघंच राहिले. अप्पांनी टेबलावरचं फडकं उचललं, घडी केली, परत ठेवलं. मग चष्मा काढला.

"कसं वाटतंय तुला आज?" त्यांनी विचारलं.

दादाने फोन खिशात ठेवला.

"वाईट वाटतंय, अप्पा," तो म्हणाला. "फार वाईट वाटतंय. उद्याची मी इतकी वाट बघत होतो."

उठावं, पाणी आणावं, कोणाला तरी हाक मारावी, काहीतरी हाताने करावं, असं अप्पांना वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी खुर्ची दादाच्या समोर ओढून घेतली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि रिकामे हात मांडीवर ठेवले.

"सांग," ते म्हणाले. दादा बोलायला लागला. वरून जेवायला दोनदा हाक आली तरी अप्पा जागचे हलले नाहीत.